जुनी मोटार आणि तिचा खरेपणा

जीर्णोद्धार हें पुण्यकर्म आहे, अशी आपल्या समाजाची फार दिवसांची समजूत आहे. देऊळ, विहीर, घाट, धर्मशाळा यांचा जीर्णोद्धार करणाऱ्याचें नांव शिलेवर कोरून ठेवण्याची आपली चाल आहे. परंतु या कामांत उद्धार नेमका कशाचा होतो, आणि जीर्ण म्हणून टाकून काय दिलें जातें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. माझ्यावर तो करण्याची वेळ आली ती एका मोटारीमुळें.

जळगांवाजवळील असोदा हें माझें आजोळ. तेथील वाड्याच्या गोठ्यांत, कडब्याच्या गंजीआड, माझ्या आजोबांची मॉरिस एट ही इंग्रजी मोटार कित्येक वर्षें पडून होती. ऑक्सफर्डनजीकच्या कौली येथील कारखान्यांतून या जातीच्या गाड्या 1934 सालापासून निघूं लागल्या. चार नळकांड्यांचें, 918 घनसेंटिमीटरचें लहानसें एंजिन आणि चौघांपुरती बेताची जागा, असा तिचा थाट. इंग्लंडांत ती मध्यम स्थितीच्या कुटुंबांसाठीं होती. असोद्यास मात्र तिनें माणसांबरोबर कपाशीचीं गांठोडींहि वाहिलीं. पायांखालची मूळची फळी कुजली, तेव्हां गांवच्या सुतारानें बाभळीची फळी तासून तेथें बसविली. मागल्या बाजूस ओझें बांधण्यासाठीं लोहारानें एक लोखंडी चौकट ठोकून दिली. दर दसऱ्यास तिची पूजा होई, आणि त्या हळदकुंकवाचे डाग अजून तिच्या कपाळावर आहेत.

माझ्या मामेभावानें ही गाडी पुन्हां चालती करण्याचें मनावर घेतलें. जुन्या मोटारी दुरुस्त करण्याचा आजकाल अनेकांस छंद आहे, आणि तो केवळ श्रीमंतीचा डौल आहे असें मी म्हणणार नाहीं. बोटांना काळें लागेपर्यंत तासन् तास एका पेंचाशीं झगडणाऱ्या माणसाच्या ठिकाणीं एक प्रकारची तपश्चर्या असते. कारागिरानें गाडी तपासून याद करून दिली: कारखान्यांतून आली त्या वेळीं जें जें तिच्यांत नव्हतें, तें तें काढून टाकावयाचें. त्यांत लोहाराची चौकट होती आणि सुताराची फळीहि होती. माझ्या आईनें हें ऐकलें मात्र, ती म्हणाली, “ती फळी काढलीस तर ती माझ्या बापाची गाडी राहील का रे?” मामेभाऊ म्हणाला, “आत्या, ती फळी मूळची नव्हेच.” त्यानें सरकारी नियमाचाहि दाखला दिला. 2021 सालच्या नियमाप्रमाणें पन्नास वर्षांवरील गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंद मिळते. परंतु ती मूळ स्वरूपांत असावी, आणि तिचा पाया, सांगाडा व एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. फळीस ही अट लागत नव्हती, हें खरें. पण ‘मूळ स्वरूप’ हा शब्द मात्र दोघांच्या मध्यें येऊन बसला. दोघांचेंहि म्हणणें मला खोटें वाटेना.

प्रश्न नवा नाहीं. आणि मौज अशी कीं, आपल्याकडे तो फार पूर्वींच वाहनाच्या दृष्टांतानें विचारला गेला आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पालि ग्रंथांत यवन राजा मिलिंद रथांत बसून भिक्षु नागसेनाच्या भेटीस येतो. नागसेन त्यास विचारतो: तुझा रथ म्हणजे आंस का? चाकें का? जूं का? राजा प्रत्येक वेळीं नाहीं म्हणतो. आणि हें सर्व वगळून उरेल तें रथ का, या प्रश्नासहि त्याचें उत्तर नाहीं असेंच येतें. अखेरीस, अवयवांच्या जुळणीस व्यवहारानें दिलेलें नांव म्हणजे रथ, येथें तो संवाद येऊन ठेपतो. ग्रीकांनीं हेंच थिसियसच्या नौकेविषयीं विचारलें: एकेक फळी बदलतां बदलतां सर्व फळ्या नव्या झाल्या, तर नौका तीच का? सतराव्या शतकांत हॉब्स यानें त्यांत आणखी एक पेंच घातला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेविल्या आणि त्यांची पुन्हां नौका बांधली, तर दोहोंपैकीं खरी कोणती?

ग्रंथांतला हा वाद 1990 सालीं इंग्लंडच्या उच्च न्यायालयांत एका मोटारीच्या रूपानें उभा राहिला. ‘ओल्ड नंबर वन’ नांवाच्या बेंटली गाडीनें फ्रान्समधील ल मान येथील चोवीस तासांची शर्यत 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षें जिंकली होती. पुढें तिचा पाया बदलला, एंजिन बदललें. 1932 सालीं ब्रुकलंड्सच्या शर्यतींत तिला अपघात होऊन चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला. त्यानंतर तिच्यावर अगदीं निराळा सांगाडा चढविण्यांत आला. अशा या गाडीचा सौदा एक कोटी पौंडांस ठरला, आणि मग ही ती गाडीच नव्हे म्हणून घेणारा मागें सरला. न्यायमूर्ति ओटन यांनीं निकाल दिला तो विकणाऱ्याच्या बाजूनें. जुने भाग तिच्यांत फारसे उरले नव्हते. परंतु जे बदल झाले ते एकाच गाडीच्या आयुष्यांत क्रमाक्रमानें झाले, मध्यें कोठें तिचें अस्तित्व तुटलें नाहीं. म्हणून ती खरीच, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता.

मला हा निकाल मान्य आहे. पण त्यानें अर्धेंच उत्तर मिळतें. उरलेल्या अर्ध्यासाठीं तीन चाकी गाडीचें उदाहरण घेऊं. एच. एफ. एस. मॉर्गन यानें 1909 सालीं मॅल्व्हर्न येथें पहिली तीन चाकी गाडी बनविली, आणि 1952 पर्यंत तशा गाड्या त्या कारखान्यांत निघत राहिल्या. मोटारसायकलीइतक्या हलक्या करावर भागत असल्यामुळें बेताच्या मिळकतीच्या इंग्रजास ती सोयीची वाटे. तिच्या सांगाड्यास आंतून अ‍ॅश झाडाचें लाकूड असे, आणि लाकूड म्हटलें कीं तें आज ना उद्यां कुजणारच. तें बदलणें हा अपराध नव्हे. पण एखाद्यानें जुन्या गाडीची क्रमांकाची पट्टी तेवढी मिळवावी, तिच्याभोंवतीं सगळी गाडी नवी उभारावी, आणि ती 1930 सालची म्हणून भोळ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यांत बांधावी, हें मात्र निव्वळ कपट होय. दोन्ही ठिकाणीं नव्या लाकडाचें प्रमाण कदाचित् सारखेंच असेल. फरक लाकडांत नाहीं, सांगण्यांत आहे. वस्तूचा खरेपणा तिच्या कणाकणांत सांठविलेला नसतो. तिच्या अखंड इतिहासांत, आणि तो इतिहास न लपवितां सांगणाऱ्या माणसाच्या सचोटींत तो असतो.

यावर कोणी म्हणेल, मग काय वाटेल तें बदलावें आणि वहींत नोंद करून मोकळें व्हावें! तसें नाहीं. सचोटीच्या जोडीला संयम हवा. असोद्याहून फार लांब नसलेल्या अजिंठ्याचीं चित्रें पाहा. 1920 ते 1922 च्या सुमारास निजाम सरकारनें इटलीहून तज्ज्ञ बोलावून त्यांचें रक्षण करविलें. भिंतीवरून सुटूं पाहणारे रंगाचे थर त्यांनीं पुन्हां चिकटविले, ही त्यांची सेवा थोर होती. परंतु त्यांनीं वरून दिलेलें लाखेचें रोगण पुढें पिवळें पडलें, आणि तें उतरविण्याचें किचकट काम पुढच्या पिढीच्या रसायनज्ञांस करावें लागलें. त्यांचा हेतु शुद्ध होता, हें विसरूं नये. आपला हात केव्हां आवरावा, हें शुद्ध हेतूसहि शिकावें लागतें.

आणि ‘मूळ’ म्हणजे तरी काय? याच असोद्यांत 1880 सालीं बहिणाबाई चौधरी यांचा जन्म झाला. त्यांस लिहितां वाचतां येत नव्हतें. त्यांच्या ओव्या इतरांनीं ऐकून उतरून घेतल्या, आणि 1951 सालीं त्या निवर्तल्यावर पुढल्याच वर्षीं त्यांच्या गाण्यांचें पुस्तक निघालें, तें त्यांच्या खानदेशी बोलींतच. एखाद्या व्याकरणपंडितानें जीर्णोद्धाराच्या आवेशांत तीं गाणीं ‘शुद्ध’ केलीं असतीं, तर एकहि चूक उरली नसती आणि बहिणाबाईहि उरल्या नसत्या. आजोबांच्या गाडीचेंहि असेंच आहे. कौलीच्या कारखान्यांतून अगदीं एकसारख्या हजारों गाड्या निघाल्या. बाभळीच्या फळीची आमच्या घरीं एकच. परक्या राज्यकर्त्यांच्या देशांतून आलेल्या यंत्राचें आपल्याला एवढें कौतुक कां असावें, असें मला पूर्वीं वाटे. आतां वाटतें, ज्या दिवशीं आमच्या सुतारानें त्या गाडीस तासणी लावली, त्या दिवसापासून ती परकी राहिलीच नाहीं.

शेवटीं आम्ही असें ठरविलें. ब्रेक, तारा, टायर आणि पेट्रोलच्या नळ्या सर्व नवीन घातल्या. कारण रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या जिवाशीं आपल्या आठवणींचा खेळ करण्याचा अधिकार कोणास नाहीं. एंजिनाचे झिजलेले भाग बदलले. लोहाराची चौकट आणि सुताराची फळी जागच्या जागीं ठेविली. कपाळावरचे डागहि पुसले नाहींत. कारागीर थोडा नाखूष झाला. त्याच्या दृष्टीनें काम अपुरें राहिलें, आणि त्याच्या कसबाचा आदर राखूनच मी हें म्हणतों. काय काढलें, काय घातलें, कोणत्या दिवशीं, याची एक वही मामेभावानें केली आहे. ती गाडीबरोबरच राहील.

त्या वहीच्या पहिल्या पानावर त्यानें सुताराचें नांव लिहिलें आहे. तें घरांत एकट्या आईलाच आठवत होतें.