ओट्यावरचं जाळं

सालवड-बोईसरहून पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात नवापूर, उच्छेळी, दांडी ही गावं लागतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात आणि मांगेला-कोळी वस्त्यांत घरोघरी ओट्यांवर जाळ्यांची डागडुजी चालते. कधी जवळ बसून बघा. पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड ताणून धरलेली, हातात सुतानं भरलेली चपटी सुई. पट्टीवर आस, म्हणजे जाळ्याचं एकेक भोक, बेतायचा, सुई ओवायची, गाठ आवळायची. गाठ सरकली की आस बिघडलाच.

बोंबलाचं डोल जाळं तर नरसाळ्यासारखं. तोंडाशी हात आरपार जाईल एवढे मोठे आस, पुढे कमी कमी होत जातात आणि शेवटच्या खोल्यात, म्हणजे मासे साठतात त्या टोकाशी, अगदी बारीक. कुठे किती आस कमी करायचे, हे शिकायचं ते वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून. पूर्वी जाळं सणाच्या सुताचं असे, ते टिकावं म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवत. आता नायलॉन आलं, यंत्रावर विणलेलं जाळं मिळतं. तरी फाटलेलं सांधायला हातच लागतो.

दर्यावर जगणाऱ्यांच्या हातच्या कामाला कलेचा मान कसा मिळतो, ते बघा. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात दर्याकाठच्या जुन्या चर्चमध्ये छोटी लाकडी गलबतं टांगलेली दिसतात. वादळातून वाचलेल्या खलाशांनी ती नवस फेडायला वाहिली. त्यांना आज लोककलेचा मान आहे, आणि तो योग्यच आहे.

मान देणं आपल्यालाही जमतं. आपल्याच जिल्ह्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना वारली चित्रकलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या मासेमारीच्या चित्रांत बारीक पांढऱ्या रेषांचं भलंमोठं जाळं पसरलेलं असतं. ते जाळं आपण कला म्हणून डोळे भरून पाहतो आणि ओट्यावरच्या जाळ्याला मात्र नुसतं कामाचं सामान समजतो. मला हे पटत नाही. ते विणणाऱ्यालाही कलावंतच म्हणायला हवं.

शिक्षकांनो, पालकांनो, येत्या जूनमध्ये मुलांना या ओट्यांवर घेऊन जा. सुई कशी भरतात, गाठ कशी मारतात, हे त्यांना करून बघू द्या. जाळ्याच्या भागांची नावं आणि आसांची मापं वहीत उतरवून घ्या. आणि कुणाच्या घरी आजोबांची बांबूची सुई असेल, तर ती टाकून देऊ नका.