दोन चमचे संयम

मराठी भाषेने पोटावर जेवढे ओझे टाकले आहे, तेवढे हृदयावरही टाकलेले नाही. आपण पोटासाठी नोकरी करतो, पोटतिडकीने बोलतो, पोटात एक आणि ओठात एक ठेवतो, दुसऱ्याचे गुपित पोटात ठेवतो (निदान तसे वचन तरी देतो), आणि चूक झाली की ती समोरच्याला पोटात घालायला सांगतो. एवढे सामान मावावे म्हणून परमेश्वराने प्रत्येकाला साधारण लिटर-दीड लिटरचे कोठार दिले आहे. माझ्याकडे त्यातले शंभर-दीडशे मिलिलिटर उरले आहे. त्यामुळे हल्ली कुणी ‘एवढं पोटात घाला’ म्हणाले की मी आधी विचारतो, “पातळ आहे की घट्ट?”

खुलासा करतो. डॉक्टरांनी माझ्या जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढला आणि केळ्याच्या आकाराची एक नळी मागे ठेवली. इंग्रजीत या नळीला ‘स्लीव्ह’, म्हणजे बाही म्हणतात. जन्मभर सदऱ्याच्या बाह्या उसवून घेणाऱ्या माणसाला शेवटी पोटाचीच बाही शिवून घ्यावी लागली. भाईंदर स्टेशनबाहेरच्या टपरीवर मी वर्षानुवर्षे कटिंग प्यालो. आता पोटाचेच कटिंग झाले.

हे काम हौसेने होत नाही, बरं का. त्यालाही पात्रता लागते. किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, असे एक गणित आहे. त्याच्या उत्तराला बीएमआय म्हणतात. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे हा आकडा ४० किंवा त्याहून वर असेल, अथवा ३५ असून जोडीला आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार असेल, तर खर्चाचा विचार होतो. बी. कॉम.ला कॉस्टिंगमध्ये काठावरचे ३५ मिळवून सुटलेल्या मला इथे ४१.८ मिळाले. आयुष्यात प्रथमच मी ग्रेस मार्कांशिवाय पास झालो. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मागणारे लोक माझ्याकडे एक नजर टाकून पुढच्या बाकाकडे वळत. तिसरी आणि चौथी या दोन्ही सीटांचा समावेश माझ्यातच झालेला असे.

घरी आल्यावर एक सहकारी भेटायला आले. शहाळे दिले, पंखा लावून घेतला आणि म्हणाले, “पण काय हो, यात तुमचं कौतुक काय? तुम्ही खाणं सोडलं नाहीत, ते तुमच्याकडून काढून घेतलं. ज्याच्या खिशात दमडी नाही त्यानं उधळपट्टी केली नाही, याला काय काटकसर म्हणायची?”

शहाळे परत मागता येत नाही. पण प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. २०११ साली नितीन गडकरींनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा पेपरांत रकाने भरून आले होते. त्यांनाही हे कुणी विचारले असेल का? संयम जर शस्त्राने आला, तर त्याचे श्रेय कुणाच्या खात्यावर जमा करायचे? माझ्या, की डॉक्टरांच्या?

वरवर पाहता डॉक्टरांच्याच. कारण त्यांनी माझी भूकसुद्धा नेली आहे. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी ग्रेलिन नावाचे एक संप्रेरक शोधून काढले. ‘भूक लागली’ ही वर्दी ते मेंदूला देते, आणि ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते. नेमका तोच भाग शस्त्रक्रियेत जातो. म्हणजे तक्रार करणारा कारकूनच सेवानिवृत्त. निदान पहिले काही महिने तरी त्याच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. आता भूकच नसेल तर उपास कसला?

त्यात भर म्हणजे टप्प्याटप्प्याचा आहार. पहिले एक-दोन दिवस पाणी, शहाळे आणि डाळीवरचे गाळलेले पाणी. तेही औषधाच्या तीस मिलिलिटरच्या टोपणाने, घोट घोट. मग दोन आठवडे ताक, दूध, गाळलेले सूप आणि प्रथिनांची पावडर. पुढचे दोन आठवडे जे काही मिक्सरमधून जाईल ते. त्यानंतर मऊ खिचडी, पनीर, अंडे. दीड-दोन महिन्यांनी साधे जेवण, पण ताटात नव्हे, बशीत. आतली शिवण ताजी असते, तिच्यावर ताण येऊ नये म्हणून हा क्रम. सहा महिन्यांच्या बाळालाही आपण डाळीच्या पाण्यापासून मऊ भातापर्यंत याच वाटेने नेतो. थोडक्यात, चव्वेचाळिसाव्या वर्षी माझे दुसरे उष्टावण झाले. फक्त यावेळी मामाने चांदीची वाटी आणली नाही.

शिवाय पोटनियम आहेतच. (हा शब्द प्रथमच योग्य जागी वापरतो आहे.) जेवताना पाणी प्यायचे नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबायचे. आधी प्रथिने, मग बाकीचे. प्रत्येक घास पंचवीस-तीस वेळा चावायचा. स्ट्रॉ नको, सोडा नको. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. पोट भरले की कुणाला उचकी लागते, कुणाचे नाक वाहते. माझे नाक वाहते. पूर्वी पंगतीत ‘पुरे’ म्हणून हात आडवा केला तरी वाढपी थांबत नसे. आता मी रुमाल काढला की थांबतो.

माझी ही दशा आमच्या इमारतीत फक्त एकाच व्यक्तीला परकी वाटली नाही. ती म्हणजे शेजारच्या बा. भाईंदरमध्ये जैन कुटुंबे पुष्कळ. पर्युषण आले की आमच्या मजल्यावरच्या निम्म्या स्वयंपाकघरांचा आवाज बंद होतो. बा दरवर्षी अठ्ठाई करतात. आठ दिवस फक्त उकळलेले पाणी, तेही सूर्यास्तापूर्वी. नवव्या दिवशी पारणे, आणि तेही एकदम पुरणपोळीवर नव्हे. मुगाच्या पाण्याचा एक-एक चमचा. म्हणजे माझा पहिला टप्पा! फरक इतकाच की बांच्या पारण्याला नातेवाईक साड्या घेऊन येतात, आणि माझ्या टप्प्याला नातेवाईक सल्ले घेऊन येतात.

बांनी मला एक शब्द दिला : ऊनोदरी. पोटाला थोडे ऊन, म्हणजे उणे ठेवणे. भूक आहे त्यापेक्षा चार घास कमी खाऊन उठायचे. जैनांच्या बारा तपांत अनशन पहिले आणि ऊनोदरी दुसरे. मी म्हटलं, “बा, माझी ऊनोदरी डॉक्टरांनी करून दिली.” बा हसल्या. म्हणाल्या, “डॉक्टरनी पेट छोटा केला भाई. हाथ तर मोठाच हाय ने?”

साऱ्या तत्त्वज्ञानाचा निकाल या वाक्यात लागला. पोट मागत नाही, पण हात जातो. संध्याकाळी मी भाईंदरला उतरतो तेव्हा भूक शून्य असते, आणि तरीही वडे तळणाऱ्याच्या कढईपाशी पाय आपोआप मंदावतात. मिठाईच्या दुकानाशी मान वळते. रविवारी उत्तनकडे गेलो आणि वाळणीवरच्या बोंबलांचा वास आला की नाक वेगळा अर्ज दाखल करते. ग्रेलिन निवृत्त झाले, पण वीस वर्षांची सवय कायम नोकरीत आहे आणि तिची युनियनही जोरदार आहे. आणि पोटाला फसवणे फार सोपे. बारीक नळी भाकरीला अडवते; आइस्क्रीम, मिल्कशेक आणि श्रीखंड तिच्यातून बिनविरोध निघून जातात. लोकांचे उतरलेले वजन पुन्हा चढते ते या चोरवाटांनीही.

आता माझ्या सहकाऱ्यांना उत्तर द्यायला हरकत नाही. कारण उत्तर आमच्या बँकेतच आहे. बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. एक किल्ली कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. याला जॉइंट कस्टडी म्हणतात. दुसरी किल्ली दुसऱ्याकडे आहे म्हणून कॅशियर अप्रामाणिक ठरतो का? छे! उलट, ती दुसऱ्याकडे आहे म्हणूनच त्याला रात्री शांत झोप लागते. माणसाने एकट्याच्या सद्गुणावर विसंबू नये, हे बँकेला केव्हाच कळले आहे. मग धर्माला ते कळले नसेल? बांच्या अठ्ठाईमागे पंचांग आहे, उपाश्रय आहे, आठव्या दिवशी वाट बघणारे गोत आहे. वारकऱ्याच्या गळ्यात माळ आहे, आणि ती माळच मटणाच्या दुकानावरून त्याला पुढे नेते. एकादशीला एकटे पाडले तर तिचे काय होते, ते ‘दुप्पट खाशी’वाल्यांनी सांगूनच ठेवले आहे. बिनजामिनाचे कर्ज मिळत नाही, तसा बिनजामिनाचा संयमही कुणाला मिळालेला दिसत नाही. माझा जामीन स्टेपलरने भरला, इतकेच. हप्ते मलाच फेडायचे आहेत, रोज, चमच्याचमच्याने.

यात एक पक्षकार मात्र विचारायचा राहून जातो. आमच्या सौ. गेली अठरा वर्षे रागावल्या असल्या तरी भात जास्त वाढत, आणि प्रसन्न असल्या तरी भात जास्तच वाढत. गणपतीत मी मिक्सरच्या टप्प्यावर होतो. घरात उकडीचे एकवीस मोदक झाले. मामी नेहमीप्रमाणे म्हणाल्या, “एकानं काय होतंय?” आपल्याकडे आग्रह नाकारणे म्हणजे माणूस नाकारणे. मी हात जोडले आणि वाटीतले गुळगुळीत वरण चमच्याने खाल्ले. रात्री भांडी आवरताना सौ. म्हणाल्या, “तुम्हाला वाढणं म्हणजे तुमच्याशी बोलणं होतं हो. आता बोलू कशी?”

यावर आहारतज्ज्ञांच्या छापील कागदात काहीच नव्हते. पण तोड निघाली, आणि ती त्याच कागदातून निघाली. प्रत्येक घास तीस वेळा चावायचा, म्हणजे बशीभर जेवणाला अर्धा तास लागतो. आणि तोंडात घास असताना मला बोलता येत नाही. त्यामुळे लग्नानंतर प्रथमच आमच्या घरात सौं.चे वाक्य पूर्णविरामापर्यंत पोचू लागले आहे. अठरा वर्षांत न कळलेल्या कितीतरी गोष्टी मला या अर्ध्या तासांत कळल्या.

राहता राहिला श्रेयाचा प्रश्न. माझे वडील मधुमेहाने त्रेपन्नाव्या वर्षी गेले. त्यांचे बचत खाते आईबरोबर जोडनावाचे होते, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचे. म्हणजे दोघांपैकी कुणीही चालवावे, आणि एक गेला तर मागे राहील त्याने. मृत्यूचा दाखला जोडून वडिलांचे नाव कमी करायचा अर्ज मीच भरला. सही करण्यापूर्वी आईने त्या इंग्रजी शब्दावर बोट ठेवून विचारले, “यातली मागे राहिलेली म्हणजे मी ना?”

हे तीन शब्द मी काउंटरवर हजारो फॉर्मांवर लिहिले असतील. त्यांतला शेवटचा शब्द इतका जड आहे, हे तोवर ठाऊक नव्हते. तेव्हा संयमाचे श्रेय डॉक्टरांचे की माझे, बांचे की सौं.चे, हे ज्याला ठरवायचे त्याने खुशाल ठरवावे. माझ्या मते हे खाते जोडनावाचेच आहे. ते शक्य तितकी वर्षे ‘आयदर’वर चालावे, एवढ्यासाठी सध्या दुपारी दोन चमचे वरण. तीस वेळा चावून.