हिशेबाची रेघ

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांस आपल्या वर्गात येऊन बसण्याचा आग्रह केला. हे गृहस्थ येथेच नाशकात व्यापारशास्त्र शिकवितात. आम्ही तर्क व नीतिशास्त्र शिकविण्यात जन्म घालविलेला. नफातोट्याशी आमचा संबंध महिनाअखेरीस वाण्याचे बिल चुकते करण्यापुरताच. तथापि पाऊस होता, तास रिकामा होता, आणि स्नेह्यांच्या बोलण्यात थोडे आव्हानही होते; म्हणून गेलो.

या वर्गांतून कंपन्यांची 'प्रकरणे' शिकविली जातात. एखाद्या धंद्याच्या आयुष्यातील पेचप्रसंग विद्यार्थ्यांपुढे मांडावयाचा. भांडवल इतके, प्रतिस्पर्धी अमुक, बाजार असा. आणि विचारावयाचे की, तुम्ही चालकाच्या जागी असता तर काय केले असते? निवाड्यांवरून कायदा शिकविण्याची प्रथा हार्वर्ड विद्यापीठात १८७० पासून पडली. तेथील १९०८ साली निघालेल्या व्यापारशाळेने ती उचलली, आणि अहमदाबादेस १९६१ साली स्थापन झालेल्या संस्थेने हार्वर्डच्याच साहाय्याने ती आपल्याकडे रुजविली. पद्धत चांगली आहे. सूत्रे घोकण्यापेक्षा पेचात उभे राहून विचार करणे केव्हाही बरे.

त्या दिवशीचे प्रकरण आमच्या गावचेच निघाले. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली विलायतेस गेले, कॅमेरा घेऊन परतले, आणि ३ मे १९१३ रोजी त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. मग बिऱ्हाड नाशकास हलविले. १९१४ च्या युद्धाने पैसा आटला. १९१७ च्या 'लंकादहन' चित्रपटाने तो परत आणला, इतका की जमलेली नाणी बैलगाडीतून न्यावी लागत असे सांगतात. १९१८ साली मुंबईच्या भांडवलदारांशी भागी करून हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. खर्च आणि कामाची रीत यांवरून थोड्याच काळात खटके उडाले. फाळके सर्व सोडून काशीस गेले, तेथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिले, आणि काही वर्षांनी परत आले. तोवर कोल्हापुरात आणि मुंबईत दुसऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. १९३१ साली 'आलम आरा' बोलू लागला. फाळक्यांचा 'सेतुबंधन' १९३२ साली मुकाच निघाला. १९४४ च्या फेब्रुवारीत ते नाशकातच वारले.

विद्यार्थ्यांनी या जीवनाची चिरफाड फार कुशलतेने केली. कोणी म्हणाला, भागीदार निवडण्यात चूक झाली. कोणी म्हणाला, ध्वनीचे आगमन ओळखले नाही. एका तरुणाने मात्र निराळाच दोष काढला. फाळक्यांनी १९१७ च्या सुमारास चित्रपट कसा तयार करतात हे दाखविणारा एक लहानसा चित्रपटच काढला होता. त्याच सुमारास 'नवयुग' मासिकात ते आपल्या उद्योगाची हकीकत लिहू लागले. "म्हणजे हा मनुष्य आपल्या धंद्याचे गुपित प्रतिस्पर्ध्यांस फुकट वाटत होता," असे त्याने म्हणताच वर्ग हसला. आमच्या स्नेह्यांनी फळ्यावर ती पाचवी चूक म्हणून लिहून घेतली.

आम्हांस हसू आले नाही. त्या तरुणाचा तर्क सदोष होता असे नव्हे. उलट त्याची गृहीते मान्य केली तर निष्कर्ष बिनतोड होता. प्रश्न गृहीताचा आहे. प्रकरण लिहिणारा लेखणी उचलतो तेव्हा प्रथम कंपनीभोवती एक रेघ आखतो. रेघेच्या आत येईल ते जमा, बाहेर जाईल ते नावे. ही रेघ विद्यार्थ्यास दिसत नाही, कारण तो तिच्या आतच बसविलेला असतो. 'तुम्ही चालकाच्या जागी असता तर' या प्रश्नातच अर्धे उत्तर भरलेले आहे. कारण 'तुम्ही काय करावयास हवे होते' हा प्रश्न तेथे 'तुमच्या पदरात काय पडले असते' असा आपोआप वाचला जातो.

आता रेघ थोडी पुढे सारून पाहा. 'राजा हरिश्चंद्र' पाहून झपाटलेल्या बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात कॅमेरा घडविला व महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. तेथे तयार झालेल्या मंडळींनी १९२९ साली 'प्रभात' काढली. आणि १९३२ साली, 'सेतुबंधन' मुका निघाला त्याच वर्षी, 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला. कथा कोणती? हरिश्चंद्राचीच! कंपनीच्या वहीत ही गोष्ट प्रतिस्पर्ध्याची सरशी म्हणून नावे पडेल. स्वदेशी उद्योगाची वही उघडली तर ती जमेच्या पहिल्या पानावर येईल. घटना एकच, वही मात्र कोणती हे कंपनीच्या खतावणीतून कधीच कळावयाचे नाही. ते माणसास आधी ठरवावे लागते.

येथे कोणी म्हणेल की औदार्य शेवटी फळास येते, हेच आम्हांस सांगावयाचे आहे. मुळीच नाही. त्याच काळात अमेरिकेत एडिसन आणि त्याच्या साथीदारांनी १९०८ साली चित्रपटाच्या पेटंटांचा संघ उभारला. परवाना नसलेल्यांस कोर्टात खेचावयाचे, कच्ची फिल्म मिळू द्यावयाची नाही, असा त्यांचा खाक्या. १९१५ साली तेथील न्यायालयाने तो संघ बेकायदेशीर ठरविला. म्हणजे मूठ झाकणाऱ्यांचा संघ बुडाला आणि मूठ उघडणाऱ्या फाळक्यांची कंपनीही बुडाली. परिणामावरून नीतीचा निकाल लावू पाहणाऱ्यांनी या दोन प्रेतांपुढे बसून खुशाल वाद घालावा.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि वर्गात तिला कोणी हात लावला नाही. १९१७ साली फाळके एकटे मालक होते. आपले गुपित वाटणे हा त्यांचा अधिकार होता. १९१८ नंतर कंपनीत दुसऱ्यांचा पैसा आला. आपली वही देशाच्या नावाची ठेवावी, हा निर्णय माणसाने स्वतःच्या पैशावर घेतला तर तो त्याग; भागीदाराच्या पैशावर, त्यास न विचारता घेतला तर त्यास काय म्हणावे? स्वदेशीचे नाव घेऊन भागधारकांस नागविणारे महाभाग आमच्या पिढीने थोडे पाहिले नाहीत. फाळके त्यांतले नव्हते. स्वतःसाठी त्यांनी काही ठेवल्याचे दिसत नाही. परंतु हिशेब मागणारा भागीदार म्हणजे कलेचा वैरी, असे जे आमच्या गावच्या अभिमानाने आजवर मानले, तेही न्यायाचे नव्हे. त्या गृहस्थांनी चित्रपटाच्या धंद्यात पैसा घातला होता. देवळाच्या जीर्णोद्धारास वर्गणी दिली नव्हती. भागीचा कागद करताना प्रत्येकाने आपापली रेघ कोठवर आहे हे उघड बोलून दाखविले असते, तर कदाचित कंपनी निघालीच नसती. पण तेवढे सांगणे तरी फाळक्यांकडे लागत होते, असे आम्हांस वाटते. आणि हे लिहिताना आमची लेखणी थोडी अडखळते, हेही कबूल करतो.

तास संपल्यावर चहा घेताना हे सर्व आम्ही स्नेह्यांस बोलून दाखविले. त्यांनी ते मनावर घेतले. पुढील वर्षी प्रकरणाच्या शेवटी 'तुम्ही भागीदारांच्या जागी असता तर' असा दुसरा प्रश्न घालण्याचे त्यांनी मान्य केले. मग सरस्वतीबाई फाळके यांच्या जागी बसवून तिसरा प्रश्न का घालू नये, असे आम्ही सुचविले. कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्यापासून सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधण्यापर्यंत जे काम त्या बाईंनी केले, ते तर कोणत्याच वहीत नाही. स्नेह्यांनी घड्याळाकडे पाहिले, आणि तास पन्नासच मिनिटांचा असतो असे सांगितले.