हरण्याची नियत

जकातीचे वर्ष भरत आले की दागिने बायकोच्या नावावर करायचे आणि वर्ष उलटले की परत घ्यायचे, ही युक्ती आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली आहे. अशा पळवाटेला ‘हीला’ म्हणतात. बुखारींच्या हदीससंग्रहात त्यावर स्वतंत्र प्रकरणच आहे. कागदावर नियम शाबूत राहतो, बिघडते ती नियत.

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगकडे पाहताना आम्हाला हाच हीला आठवतो. तिथे दुबळ्या संघाला होतकरू नवे खेळाडू आधी निवडू देतात. हेतू जकातीसारखाच, ज्याच्याकडे कमी आहे त्याला हक्काने देण्याचा. पण कमी कोणाकडे, हे पराभव मोजून ठरते. मग पराभव जमवणारेही निघाले. 1985 मध्ये लीगने सोडत आणली, म्हणजे तळाला गेले तरी पहिल्या निवडीची खात्री नाही. तरीही फिलाडेल्फियाच्या संघाने 2013 पासून भविष्याच्या नावाखाली हरण्याचेच धोरण केले. 2015-16 च्या हंगामात 82 पैकी 10 सामने जिंकले. मैदानावरची पोरे जीव तोडून खेळत होती, हे सांगितलेच पाहिजे. पराभव वरच्या कचेरीत ठरला होता.

2019 पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या निवडीची सारखीच, 14 टक्के संधी ठेवली. हा लगाम नेमका कोणाच्या तोंडात बसला? डेट्रॉइटच्या संघाने मोठा मोबदला देऊन नवा प्रशिक्षक आणला, आणि त्याच 2023-24 च्या हंगामात तो सलग 28 सामने हरला. लागोपाठ दोन वर्षे तो सर्वांत खाली होता, दोन्ही वेळा पाचवी निवड हाती आली. उलट 2023 मध्ये मुद्दाम हरल्याबद्दल साडेसात लाख डॉलर दंड भरलेल्या डॅलसच्या संघाला 2025 मध्ये जेमतेम 1.8 टक्के संधी असताना पहिली निवड लाभली.

आमच्या मोहल्ल्यांतही हेच होते. एखादा खोटा गरजू सापडला की जकातीची यादीच आखडती होते, आणि दारातून परत जाते ती खरी विधवा. ढोंग्याचा राग तिच्यावर का काढायचा? शिक्षा द्यायची तर हरण्याचा निर्णय घेणाऱ्याला नाव घेऊन द्यावी. ते अवघड असते, म्हणून सगळ्यांचाच वाटा कमी करण्याची सोपी वाट धरली जाते.

डेट्रॉइटचा संघ 2024-25 मध्ये 44 सामने जिंकला. पुन्हा नवा प्रशिक्षक आला होता, आणि तरुण पोरांच्या शेजारी काही अनुभवी खेळाडू उभे केले होते.