डाव्या हाताचे दान

वचन : लेवीय २२:२३, शास्ते ३:१५



पावसाळ्याच्या आरंभी कोवळा चारा अधाशीपणे खाऊन गाय फुगली, म्हणजे जाणता शेतकरी तिच्या कोणत्या कुशीवर थाप मारून पाहतो? डाव्या. कारण चारा साठविण्याचे तिचे मोठे पोट डाव्या अंगास आहे. बाहेरून पाहता गाय दोन्ही बाजूंनी सारखी. आत मात्र तसे नाही. आपलेही असेच आहे. हृदय डावीकडे कललेले, यकृत उजव्या बरगड्यांखाली. उजव्या फुप्फुसाचे भाग तीन, तर डाव्याचे दोनच, कारण हृदयास जागा द्यावयाची आहे.

काही प्राण्यांत ही विषमता बाहेरही दिसते. कोकणच्या खाड्यांतील चिखलात एक लहानसा खेकडा राहतो. त्याच्या नराचा एक डेंगा अंगाच्या मानाने प्रचंड, दुसरा इवलासा. मोठा डेंगा हालवून तो मादीस बोलावतो व दुसऱ्या नरांशी झुंजतो; पण त्या डेंग्याने त्याच्या तोंडी घास जात नाही. त्यास पोसतो तो धाकटाच. अशक्त दिसणाऱ्या अवयवांविषयी पौलाने करिंथकरांस जे लिहिले, ते ह्या चिखलातही वाचावयास मिळते.

आणि लेपा मासा पाहा. अंड्यातून निघतो तेव्हा तो इतर माशांसारखाच असतो, एक डोळा ह्या बाजूस, एक त्या. वाढता वाढता एक डोळा सरकत सरकत दुसऱ्या बाजूस येतो, आणि मग तो मासा समुद्राच्या तळाशी एका कुशीवर पडून दोन्ही डोळ्यांनी वर पाहतो. ज्याने त्यास तळ नेमून दिला, त्याने त्याचा एक डोळा वाळूत गाडलेला राहू दिला नाही. गव्हाणी घुबडाचाही एक कान दुसऱ्याहून किंचित वर असतो. त्यामुळे आवाज वरून येतो की खालून हे त्यास कळते व गडद काळोखातही उंदीर सापडतो. (ज्या पाखरास आपले शेजारी अशुभ म्हणतात, तेच त्यांचे धान्य राखते!)

हे सर्व आम्ही का लिहितो? गेल्या हंगामाच्या सणी एका मंडळीत एका जन्मतः डावखुऱ्या मुलाने डाव्या हाताने ताटात पैसे टाकावयास हात पुढे केला. ताट फिरविणाऱ्या पंचाने तो हात लोटला व सर्वांदेखत त्यास अमंगळ म्हटले. त्या दिवसापासून त्याची आई उपासनेस आलेली नाही. पंचास दोष देणे सोपे आहे. परंतु आम्ही समोरच उभे होतो. आम्ही ते पाहिले, आणि पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला.

नवस फेडण्यास अव्यंग पशूच पाहिजे; पण ज्या गोऱ्ह्याचा किंवा मेंढराचा एखादा अवयव कमीजास्त आहे, तो खुशीच्या अर्पणास चालतो, असे लेवीय सांगतो. व्यंगाविषयी इतके कडक नियमशास्त्र जेथे दार उघडे ठेवते, तेथे आम्ही ते लावून घेतले. आणि डावखुरेपण तर व्यंगही नव्हे. बन्यामीन ह्या नावाचा अर्थ ‘उजव्या हाताचा पुत्र’. त्याच वंशातून देवाने डावखुरा एहूद उभा केला, आणि त्याच वंशातील ७०० डावखुऱ्या गोफणदारांची नोंद शास्ते २०:१६ मध्ये आहे. एहूदाच्या तरवारीचा कित्ता कोणी गिरवावा असे आम्ही म्हणत नाही. देवाने कोणाची निवड केली एवढेच पाहा.

एका उपदेशकाने आम्हांस विचारले, “प्रभूने शेरडांस डावीकडे ठेवले, त्याचे काय?” बंधो, त्यांचा अपराध मत्तयाच्या त्याच २५ व्या अध्यायात सांगितला आहे : भुकेल्यास खावयास दिले नाही, परक्यास घरात घेतले नाही. त्यांच्या हाताविषयी तेथे एक शब्दही नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. क्षमा मागावयास गेलो होतो, पण शब्द लवकर सुचेनात. त्यांनी मुलास पाणी आणावयास सांगितले. तो तांब्या डाव्या हातात घेऊन आला, उंबऱ्याशी थबकला, आईकडे पाहिले, आणि हात बदलू लागला. आम्ही उठून दोन्ही हात पुढे केले, आणि तांब्या त्याच्या डाव्या हातातून घेतला.