पायांची धूळ

आमच्या मंडळीच्या सभेत भांडण झालं. त्यात माईक कोणी कोणाच्या हातून ओढला, हे एव्हाना सगळ्या मंडळ्यांना पाठ झालं आहे, तेव्हा ते सोडू. व्हिडिओही पुष्कळ फिरला. (आवाज इतका घुमतो आहे की एक वाक्य धड कळत नाही. पुढच्या वेळी भांडायच्या आधी कोणीतरी तो एको कमी करा.) भांडणाचं मला काही वाटलं नाही. मंडळीतली भांडणं फिलिप्पैपासून आहेत. युवदीया आणि सुंतुखे या दोघींनी एकचित्त व्हावं म्हणून पौलाला बंदिवासातून लिहिलेल्या पत्रात विनवणी करावी लागली. भांडण कशावरून होतं ते त्याने लिहिलं नाही, हे उत्तम केलं, नाहीतर आपण आजही त्यात बाजू घेत बसलो असतो.

मला चीड आली ती नंतरच्या दोन दिवसांची. कोणी कॉयर सोडली, कोणी संडे स्कूल, कोणी पास्टोरेट कमिटी, आणि ग्रुप तर घाऊक सोडला गेला. प्रत्येक राजीनाम्यासोबत गुलाबाच्या फुलावर छापलेलं एखादं वचन. त्या गुलाबांनी माझ्या फोनची जागा खाल्ली आहे.

कारणं तशी बरीच आली. तब्येत, मुलाची दहावी, मनःशांती. चालायचंच. पण सगळ्यांचं लाडकं कारण एकच: जे तुम्हाला स्वीकारत नाहीत त्यांच्या गावाची धूळ पायांवरून झटका, असं प्रभूनेच सांगितलं आहे ना!

सांगितलं आहे. कोणाला? बारा जणांना. कमरेला पैसा नाही, वाटेला झोळी नाही, दुसरा अंगरखा नाही, अशा अवस्थेत गावोगाव फिरून दुखणाइतांना बरं करणाऱ्यांना. आमचे बंधू गाडीतून उतरतात, पेव्हर ब्लॉकवरून दहा पावलं चालतात, दारातल्या पायपुसण्यावर बूट घासतात आणि आत येतात. यांना धूळ लागली कुठे? आणि झटकायची ती कोणावर? परक्या गावावर नव्हे. यांच्याच लेकराच्या बाप्तिस्म्याला ज्यांनी पदर खोचून बिर्याणी वाढली, त्यांच्यावर. खजिनदाराने पावत्या मागितल्या, हा सुवार्तेचा अव्हेर कधीपासून झाला? कॉयरमधल्या मावशींनी 'बाळा, सूर खाली येतोय' म्हटलं, तर तेवढ्यावर धूळ! एका गृहस्थांनी तर कमिटीत आपल्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं म्हणून झटकली. प्लास्टिकची खुर्ची होती ती.

बरं, ज्यांनी ही आज्ञा खरोखर पाळली त्यांचं पुढे काय झालं, हे प्रेषितांच्या कृत्यांत आहे, पण तिथवर वाचण्याआधीच आमचा राजीनामा टाइप झालेला असतो. पौल आणि बर्णबा यांना पिसिदियातल्या अंत्युखियातून हाकलून दिलं. त्यांनी धूळ झटकली. मग इकुन्य, मग लुस्त्र. तिथे अंत्युखिया-इकुन्याचे लोक पाठलाग करत आले आणि त्यांनी पौलाला दगडमार करून मेला समजून नगराबाहेर टाकलं. आणि हे दोघे थोड्याच काळाने परतीच्या वाटेवर कुठे गेले? लुस्त्राला, इकुन्याला आणि त्याच अंत्युखियाला. तिथल्या शिष्यांना धीर द्यायला. धूळ झटकली ती झटकली, पण पत्ता फोनमधून पुसला नाही.

तिरसट माणूस मंडळीत असावा, असं माझं म्हणणं आहे. सहनशीलता प्रार्थनेत हवी तितकी मागा. ती खर्च करायला समोर खवट कोणीतरी लागतोच. संडे स्कूल सोडणाऱ्या ताईंचं पाहा. एका पालकाने विचारलं, आमची पोरं इथे दोन वर्षं चित्रं रंगवतात, शिकतात काय? विचारायची पद्धत वाईट होती, कबूल. पण आपण हे काम का करतो, हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारला होता. कौतुक करणाऱ्यांनी विचारला नव्हता.

इथे लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण द्यायचा मोह होतो, पण त्या बिचाऱ्यांना आपण प्रत्येक महिला सभेत राबवून घेतो. मी पंडिता रमाबाईंकडे जातो, तेही उलट बाजूने. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतलेली ही बाई तिच्या आध्यात्मिक आईला, सिस्टर जेराल्डिनना, किती जड गेली असेल! त्रैक्याबद्दल शंका, चर्चच्या अधिकाराबद्दल शंका. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नकोत, इथवर वाद. जेराल्डिनबाईंना यात गर्व दिसला आणि त्यांनी तो स्पष्ट लिहून कळवला. रमाबाईंनीही तितक्याच स्पष्टपणे उत्तरं दिली. आपण काय मानतो, काय मानत नाही आणि का, हे रमाबाईंना त्या पत्रांत शब्द शोधून मांडावं लागलं. हीच बाई पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारते, हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणते. आणि तिची ती बोचरी पत्रं जपली कोणी? जेराल्डिनबाईंनी. त्यांनीच ती संकलित केली होती, म्हणून १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाला छापता आली. दोघींपैकी कोण कोणाला डोईजड होती, हे वाचून मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक गोष्ट वेगळी काढतो. मारहाण करणारा नवरा, मुलींच्या अंगचटीला जाणारा पुढारी, ही तिरसट माणसं नव्हेत. तिथे 'वधस्तंभ वाहा' असा सल्ला देणाऱ्या पाळकाचीच आधी तक्रार करावी. तिथून निघावं, पोलिसांत जावं.

बाकीच्यांसाठी दावीद आहे. अबशालोमाच्या बंडामुळे तो जीव घेऊन पळत होता, तेव्हा बहूरीमजवळ शिमी नावाचा माणूस डोंगराच्या कडेने बरोबर चालत शिव्या देत होता, दगड मारत होता, धूळ उधळत होता. अबीशय म्हणाला, जातो आणि मुंडकं उडवतो. दावीद म्हणाला, राहू दे, परमेश्वरानेच त्याला सांगितलं असेल. त्या एका वाटेवर दावीद राजवाड्यातल्यापेक्षा मोठा दिसतो. परतल्यावर त्याने शिमीला मारणार नाही अशी शपथही घेतली. इथवरचं आपल्याकडे दरवर्षी प्रवचनात येतं.

१ राजे, दुसरा अध्याय मात्र कोणी काढत नाही. मरणाच्या दारात दावीद शलमोनाला सांगतो की शपथ मी घेतली होती, तू नाहीस. त्या शिमीचं काय करायचं ते तुझं तू बघ, म्हातारपणी त्याला सुखाने मरू देऊ नकोस. म्हणजे इतकी वर्षं त्याने ते साठवून ठेवलं होतं. स्तोत्रकर्त्या राजाला जे शेवटपर्यंत जमलं नाही, ते आमच्या पास्टोरेट कमिटीला एका उपास-प्रार्थनेच्या शुक्रवारी जमेल, अशी माझी अपेक्षा नाही. खजिनदाराला निदान पावत्या तरी द्या.