ओवाळणी आणि पगारपत्रक

दिवाळी जवळ आली की महिला व बालविकास विभागाचा एक शासन निर्णय निघतो. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ‘भाऊबीज भेट’ म्हणून २००० रुपये मंजूर होतात. एरवी सरकारी कागदांत बोनस, सानुग्रह अनुदान, उत्सव अग्रिम अशी रूक्ष नावे असतात. इथे मात्र सरकार भाऊ होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशा सेविका संपावर गेल्या, तेव्हा त्यांनाही मानधनवाढीच्या आश्वासनाबरोबर २००० रुपयांची दिवाळी भेट जाहीर झाली. भेट मिळाली तर कोणाला नको असते? पण ओवाळणी किती घालावी हे बहिणीने विचारायचे नसते. पगार आधी ठरलेला असतो, तारखेला मागता येतो आणि थकला तर त्यासाठी भांडता येते. सार्वजनिक आरोग्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर सरकारने हा नात्यागोत्याचा व्यवहार चालू ठेवला आहे. त्याची किंमत आशांना मोजावी लागते हे आपण मान्य करतो. तीच किंमत गावाच्या आरोग्यालाही मोजावी लागते, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाले आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमायचे ठरले. गावातल्याच बाईला शिकवले तर ती काय करू शकते, हे महाराष्ट्राला तोवर चांगले ठाऊक होते. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर, अनेकदा दलित बायकांना ग्रामीण आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभे केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या बायका तयार केल्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात, तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. याच पद्धतीवरून देशाचा घरपोच नवजात काळजीचा कार्यक्रम बेतला गेला. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा बाळंतिणीच्या घरी जाते, बाळाचे वजन करते, ताप पाहते. सहा भेटींचे मिळून २५० रुपये.

या प्रयोगांमध्ये बाईइतकेच महत्त्व तिच्या पाठीशी असलेल्या माणसांना होते. कोणी नियमितपणे येऊन तिचे काम पाहत होते, चुकले तर शिकवत होते, अडले तर धावून येत होते. योजना देशभर पसरली तेव्हा बाई सगळीकडे पोचली, पाठबळ तेवढे पोचले नाही. आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांची गंमत अशी, की वीस-पंचवीस आशांचे काम पाहणाऱ्या या बायकांना वर्षानुवर्षे मुख्यतः फिरतीच्या दिवसांवरचा प्रवासभत्ताच मोबदला म्हणून मिळत आला. जिची मिळकतच प्रवासभत्ता, ती एसटीच्या तिकिटाला पैसे कुठून घालणार?

आशा कागदोपत्री ‘स्वयंसेविका’ आहे. तिला महिन्याचे ठरावीक मानधन आहेच, पण बाकीची मिळकत नगावर आहे. बाळाचे पहिल्या वर्षातले लसीकरण पूर्ण झाले की १०० रुपये, क्षयरुग्णाचा औषधोपचार पूर्ण झाला की १००० रुपये. कामाप्रमाणे दाम हे ऐकायला न्याय्य वाटते. योजना आखणाऱ्यांचा हिशेबही अगदी चुकीचा नव्हता: महिन्याचा पगार सुरू झाला की माणूस सुस्तावतो, असा सरकारी नोकरांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

पण आरोग्याचे काम नगावर मोजता येत नाही. सातव्या महिन्यापर्यंत सासरच्या आशेने गरोदर बाईला जपायचे, रक्त तपासून घ्यायचे, गोळ्या गिळायला लावायच्या, आणि पहिले बाळंतपण म्हणून ती माहेरी निघून जायची. ही आपल्याकडची रीतच आहे. पुढचे श्रेय आणि पुढचे पैसे माहेरच्या गावाचे. जननी सुरक्षा योजनेचा लाभ महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांपुरता असतो. त्याच्या बाहेरची गरीब बाई आशेचा वेळ तेवढाच घेते, पण कागदावर ती ‘केस’ होत नाही. दारुड्या नवऱ्याचा मार खाऊन रात्री दार ठोठावणारी शेजारीण, नैराश्यात गेलेला कापूसवाला शेतकरी, सुईला घाबरून शेतात लपलेले पोर पुन्हा पुन्हा शोधून काढणे, यांतल्या बहुतेकांना दर नाही. ज्याला दर आहे ते काम नोंदवहीत चढते, नोंदवहीतले अहवालात जाते आणि अहवालातलेच वरच्या बैठकीत दिसते. उरलेले काम झाले काय, न झाले काय, व्यवस्थेला पत्ता नसतो. गावातली खरी अडचण सर्वांत आधी जिला कळते तिच्याकडून आपण फक्त आकडे मागवतो, म्हणजे अभियानाचा मूळ हेतूच आपण गमावतो.

त्यात कामे वाढतच गेली. कुष्ठरोग शोधमोहीम, असंसर्गजन्य आजारांचे अर्ज, आयुष्मान कार्डे, मोबाइलवर भरायची माहिती. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी तापमान आणि ऑक्सिजन मोजत फिरणाऱ्यांमध्ये त्याच होत्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक आरोग्य नेतृत्वाच्या पुरस्काराने गौरव केला. त्याच्या आधी जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर होत्या, नंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा, जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा. आझाद मैदानावर मुक्काम ठोकल्यावर मार्चमध्ये राज्याच्या मानधनात ५००० रुपयांची वाढ मंजूर झाली. दिवाळीला दिलेला शब्द होळीच्या तोंडावर, तोही अर्धामुर्धा, पाळला गेला.

इथे व्यवस्थापनाचा एक साधा नियम मोडतो. ज्याच्यावर हुकूम चालवायचा त्याची जबाबदारीही घ्यायची, हा मालक-नोकर नात्याचा किमान करार असतो. आशेला बैठकीला बोलावता येते, उद्दिष्ट देता येते, काम थांबवले तर काढून टाकण्याची तंबीही देता येते. रजा, बाळंतपणाची रजा, भविष्यनिर्वाह निधी हे विषय निघाले की मात्र ती स्वयंसेविका असल्याची आठवण होते. गरोदरपणात विश्रांती घ्या, सहा महिने अंगावर पाजा, असे घरोघर सांगत फिरणारी बाई स्वतः बाळंत होते तेव्हा तिच्या नगांची मिळकत थांबते. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानावे, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली होती. सरकार, मालक आणि कामगार संघटना अशा तिघांनी मिळून केलेली ती शिफारस अजून शिफारसच आहे.

कायद्याची एक बाजू मात्र या प्रश्नात पुढे गेलेली आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये राजस्थानात भंवरीदेवी यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या राज्याच्या महिला विकास कार्यक्रमातल्या ‘साथिन’ होत्या, म्हणजे गावपातळीवर मानधनावर काम करणाऱ्या. त्यांनी एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला होता. सरकारने सोपवलेल्या कामामुळे हल्ला झाला आणि तरीही कामाच्या ठिकाणची सुरक्षितता त्यांच्या वाट्याला आली नाही, कारण कचेरी, टेबल, खुर्ची असे ‘ठिकाण’च नव्हते. त्यातून १९९७ चा विशाखा निवाडा आला आणि पुढे २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा. आज बड्या कंपन्यांच्या काचेच्या इमारतींत ज्या समित्या बसतात, त्यांचे मूळ एका खेड्यातल्या मानधनी कार्यकर्तीच्या लढ्यात आहे. त्या कायद्यात ‘कर्मचारी’ म्हणजे मोबदला घेऊन वा न घेता काम करणारी व्यक्तीही, अगदी स्वयंसेवकसुद्धा; आणि कामासाठी जिथे जावे लागते ती जागा, तिथवरचा मालकाने पुरवलेला प्रवास, हेही कामाचे ठिकाण. मध्यरात्री कळा सुरू झालेल्या बाईसोबत रुग्णवाहिकेतून तालुक्याला गेलेली आणि पहाटेपर्यंत रुग्णालयाच्या व्हरांड्यात थांबलेली आशा या व्याख्येत बसते. तक्रार कोणाकडे करायची, हे तिच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फलकावर ठळक लिहिलेले असायला हवे. एक कायदा तिला कर्मचारी मानतो, दुसऱ्या कायद्यांना ती दिसतच नाही, हे फार काळ चालू देण्यात शहाणपण नाही. अंगणवाडी सेविकांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, लागू असल्याचा निकाल दिलाच आहे.

उलट बाजूचा एक आक्षेप खरोखर विचार करण्यासारखा आहे. गावपातळीवरच्या आरोग्यसेवेचे अभ्यासक डेव्हिड वर्नर यांनी १९७० च्या दशकातच विचारले होते, की गावचा आरोग्य कार्यकर्ता व्यवस्थेचा हरकाम्या होणार की लोकांना मोकळे करणारा? आशेला सरकारी नोकर केले तर ती गावाची राहील का? उपकेंद्राला कुलूप असेल, डॉक्टर येत नसेल, तर त्याविरुद्ध गावाच्या बाजूने ती बोलेल का? शंका रास्त आहे, पण उत्तर उलट्या दिशेने जाते. आज ती बोलू शकत नाही, कारण तिचे बिल मंजूर करणारे तेच आरोग्य केंद्र आहे. चार महिन्यांचे पैसे अडकलेली बाई वैद्यकीय अधिकाऱ्याविरुद्ध ग्रामसभेत उभी राहणार नाही. माणसाला बोलण्याचे बळ सुरक्षिततेतून येते. आणि गावाची तिच्यावरची पकड टिकवायची असेल तर तिला अर्धपोटी ठेवण्याची गरज नाही. त्यासाठी वेगळी साधने आहेत. महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. गावकरी सेवांना गुण द्यायचे, तालुक्याला जनसुनवाई भरायची आणि अधिकाऱ्यांना सर्वांसमक्ष उत्तरे द्यावी लागायची. अशी व्यवस्था प्रत्येक तालुक्यात नेमाने चालली तर आशेचे कामही गाव तपासेल आणि तिच्या वरच्यांचेही.

राज्याला हे झेपेल का? महाराष्ट्रात सुमारे ७० हजार आशा आहेत. प्रत्येकीला दरमहा १००० रुपये जास्त द्यायचे तर वर्षाला ८४ कोटी लागतात. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्येच महिना १० हजारांची हमी दिली आणि २०२५ मध्ये सहा महिन्यांची पगारी प्रसूती रजा व उपदान जाहीर केले, तेही आशांना सरकारी सेवेत न घेता. म्हणजे ‘कायम करा किंवा काहीच नाही’ अशी ही निवड नाही. ज्या केरळच्या आरोग्यव्यवस्थेचे आपण दाखले देतो तिथे मात्र फेब्रुवारी २०२५ पासून आशा सचिवालयासमोर बसल्या आणि पन्नासाव्या दिवशी त्यांनी निषेध म्हणून केस कापले. निर्देशांक उत्तम असले म्हणून ते आणणाऱ्यांचे हाल संपतात असे नाही.

त्यामुळे मागण्यांची यादी लांबवण्यापेक्षा चार गोष्टींवर बोट ठेवावेसे वाटते. मिळकतीचा मोठा भाग ठरावीक असावा आणि कामावरचा मोबदला वरकड असावा. दर महिन्याला पगारपत्रक मिळावे, त्यात काय मंजूर झाले, काय कापले आणि का कापले हे लिहिलेले असावे. प्रसूती रजेत मिळकत थांबू नये. नवे काम देताना जुने कोणते कमी केले, हे त्याच परिपत्रकात सांगावे. यांतल्या शेवटच्या मागणीला पैसाही लागत नाही. तरी तीच सर्वांत अवघड ठरेल, कारण ती मान्य करायची तर खालच्या बाईचा वेळ फुकट नाही, हे वरच्या कार्यालयाला आधी मान्य करावे लागेल.